मदत हवी आहे: जीपीएस अप्रोच चार्टवरची उंचीची बंधनं

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा (बाहेर न बघता उपकरणांवर विमान उडवण्याच्या परवानगीचा) अभ्यास करतोय, पण अप्रोच चार्टच्या (धावपट्टीकडे उतरण्याच्या मार्गाच्या नकाशाच्या) एका मुद्द्यावर अडलोय.

चार्टवर उंचीच्या आकड्याखाली रेघ म्हणजे त्या उंचीच्या खाली जायचं नाही, वर रेघ म्हणजे त्याच्या वर जायचं नाही, दोन्हीकडे रेघ म्हणजे नेमकी तीच उंची. इथवर ठीक. काल सिम्युलेटरवर अमेरिकेतला एक एलपीव्ही अप्रोच (उपग्रहावरून दिशेबरोबर उताराचंही मार्गदर्शन मिळतं तो) केला, तापमान मुद्दाम ४० अंश ठेवलं (आपल्याकडच्या एप्रिलसारखं!). फायनल अप्रोच फिक्सच्या (शेवटचा टप्पा सुरू होतो त्या ठरलेल्या बिंदूच्या) बऱ्याच आधीच ग्लाइडपाथ (उतरण्याची तिरकी वाट) पकडला. ग्लाइडपाथची सुई बरोब्बर मध्यभागी, पण '३४००' फूट या आकड्याखाली रेघ असलेल्या फिक्सवर अल्टिमीटर (उंचीमापक) जेमतेम ३२५० दाखवत होता!

मला वाटतं, उपग्रहाचा ग्लाइडपाथ भूमितीवर चालतो आणि अल्टिमीटर हवेच्या दाबावर. उन्हात हवा विरळ झाली की तो कमी दाखवतो. म्हणजे विमान खरं तर उंचच होतं. तरी बंधन मोडलंच ना?

मग फायनल फिक्सपर्यंत अल्टिमीटर बघत पायरीपायरीने उतरायचं आणि ग्लाइडपाथ त्यानंतरच धरायचा का? आणि पुढच्या फिक्सवरचा, 'फक्त एलनॅव्ह' (उताराच्या मार्गदर्शनाशिवायच्या अप्रोचसाठी) असा तारांकित आकडा एलपीव्हीवाल्याने सोडून द्यायचा, हे बरोबर ना? प्रत्यक्ष उडवणाऱ्यांनी कृपया सांगा.