बोटीच्या ५.७ लिटर व्ही-८ वर सुपरचार्जर बसवायचाय, किती पौंड मारावं?

उद्यमबाग_लेथवाला

नमस्कार मंडळी. आमचं बेळगावात उद्यमबागला मशीन शॉप हाय, बोरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग असली कामं करतो. गोव्याचं एक जुनं गिऱ्हाईक हाय, तेनं आपल्या स्पीडबोटीतलं मर्क्रूझर ५.७ लिटर व्ही-८ काढून टेम्पोत घालून चोर्ला घाटानं वर पाठवलंय. कार्बोरेटरवालं हाय, कागदावर २६० एचपी. रिंगा गेल्यात, बोअरला घळ पडलीय, म्हणजे बोरिंग करायचंच हाय. आता हा गडी म्हणायलाय की खोललंयच तर वर ब्लोअर, म्हणजे इंजिनात हवा दाबून कोंबणारा सुपरचार्जर, बसवून दे, कुठनंतरी ६-७१ मापाचा ब्लोअर मिळवून ठेवलाय आणि इंटरनेटवर अमेरिकेतल्या बोटी बघून १० पौंड बूस्टचं (चौरस इंचाला हवेचा जादा दाब) डोक्यात घेतलंय. ट्रॅक्टर-ट्रकची टर्बो डिझेलं लई केलीत मी, पण पेट्रोलवर ब्लोअर आणि ते बी बोटीत असलं काम कधी केलं न्हाई. कॉम्प्रेशन रेशो ९.४ हाय, पिस्टन तेच ठेवले तर चालतील काय, रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांतली फट) किती सोडू, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलायला लागंल काय? आणि हितंच स्टँडवर ट्यून करून पाठवलं तर चालंल काय, का गोव्याला जाऊनच करावं लागंल? कुणी केलं असंल तर सांगा, गिऱ्हाईक रोज फोन करायलाय.

कारवारचा_मिस्त्री

मी मूळचा खानापूरचा, आता किनाऱ्यावर बोटींचीच कामं करतो. पौंडाचं नंतर बघू, आधी डोक्यातनं गाडी काढ. गाडीचं इंजिन सपाट रस्त्यावर ८० ला वीसेक एचपीवर चालतं, ॲक्सिलरेटर सोडला की विश्रांती, उतार आला की विश्रांती. बोटीला उतार नसतो. पाण्यात प्रॉपेलर फिरतोय म्हणजे चोर्ला घाट संपतच नाही असं समज, ते पण एकाच गिअरमध्ये. ३५०० आरपीएमवर बोट आरामात चाललीय असं मालकाला वाटतं तेव्हा इंजिन जवळजवळ निम्मी ताकद देतच असतं, आणि लिव्हर पूर्ण दाबून पंधरा मिनिटं गेला तर ती पंधरा मिनिटं पूर्ण लोड. व्हिडिओतली ड्रॅगची गाडी दहा सेकंदात काम उरकून पार्किंगला जाते, तिच्या पिस्टनला तापायला वेळच मिळत नाही. म्हणून तिला जे १० पौंड पचतं ते बोटीला पचत नाही. बूस्टनं इंजिन मरत नाही रे, गरमीनं मरतं.

३५ डिग्रीची हवा रूट्स ब्लोअरनं (तुझा ६-७१ त्यातलाच) ५ पौंडाला दाबली की ८० च्या आसपास जाते, १० पौंडाला ११५ च्या घरात. कार्बोरेटर वर असल्यानं पेट्रोलच्या वाफेनं थोडी उतरते, पण थोडीच. त्यामुळं दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नसेल तर ५ च्या वर जाऊ नको. इंटरकूलर घालायचा तर समुद्राच्या पाण्यावर चालणारा लागतो, ट्यूबा क्युप्रोनिकेलच्या (तांबं-निकेल), आणि गंज स्वतःवर घेणारं झिंक बदलत राहायचं, नाहीतर खारं पाणी दोन सीझनात चाळण करतं आणि मग तेच पाणी थेट मॅनिफोल्डात.

दुसरं, खाली ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद प्रॉपेलरला देणारा गिअरचा भाग, कुठला आहे ते विचार. मर्क्रूझरचा अल्फा वन असेल तर ३०० एचपीच्या पुढं त्याच्यावर भरवसा ठेवू नये असंच सगळे धरून चालतात. वर ब्लोअर लावला आणि खाली गिअरचे दात गेले तर शिव्या तुलाच पडणार. त्यांचाच दणकट ब्राव्हो असेल तर पुढचं बोलू.

कॅमबद्दल: गाडीचा रेसिंग कॅम अजिबात घालू नको. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये पाणी सोडलेलं असतं. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात तो वेळ) जास्त झाला की आयडलला एक्झॉस्ट उलटा श्वास घेतो आणि ते पाणी व्हॉल्व्हपर्यंत येतं. मग प्लग काढला की टोकाला गंज दिसतो आणि मालक म्हणतो हेड गॅस्केट गेलं. लोब सेपरेशन, म्हणजे कॅमच्या इनटेक-एक्झॉस्ट लोबमधला कोन, ११२ ते ११४ डिग्री ठेव. तसंही ब्लोअर हवा ढकलणारच आहे, ओव्हरलॅप वाढवून काय मिळवणार, आलेली हवा-पेट्रोल थेट सायलेन्सरातनं बाहेर जाईल.

निपाणी_ट्यूनर

वरच्या मिस्त्रींनी बरोबर सांगितलंय, मी पेट्रोल आणि कॉम्प्रेशनचं बोलतो, कारण तिथंच लोक मार खातात.

कच्चा हिशेब: कॉम्प्रेशन गुणिले (बूस्ट भागिले १४.७ अधिक १). तुझं ९.४ आणि १० पौंड म्हणजे जवळजवळ १५.८, हे पंपावरच्या पेट्रोलवर शक्यच नाही भावा, पहिल्या फुल थ्रॉटललाच डिटोनेशन, म्हणजे पेट्रोल आपोआप धडाक्यानं पेटणं. तेच ८ कॉम्प्रेशन आणि ५ पौंड धरलं तर १०.७, हे चालतं. म्हणजे पिस्टन बदलायचेच, डिश असलेले, फोर्ज्ड. जुने कास्ट पिस्टन ठेवलेस तर रिंग लँड (पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचांमधल्या कडा) पहिले तुटणार. रिंग गॅप बोअरच्या इंचाला ६ थाव (इंचाचा हजारावा भाग) धर, ४ इंच बोअरला २४ थाव वरच्या रिंगला. बघायला जास्त वाटतं, पण बोटीत रिंग तापून फुगते आणि टोकं एकमेकांना भिडली की भिंतीला ओरबाडतच जाते. पिस्टन क्लिअरन्स पिस्टनवाल्याच्या कागदावर असेल तो, आणि तिथं मरीन आणि सुपरचार्ज्ड असे वेगळे आकडे दिलेले असतील तर तेच घे, आपल्या अंदाजानं टाइट ठेवू नको.

आता ऑक्टेन. अमेरिकन लोक ९३ म्हणतात तेव्हा ते आपलं ९३ नसतं. त्यांच्या पंपावर दोन पद्धतींची सरासरी लिहितात, आपल्याकडं नुसता रिसर्च ऑक्टेन. त्यांचं ९३ म्हणजे आपल्या हिशेबानं ९७-९८, आणि आपल्या हिशेबातलं ९१ म्हणजे त्यांचं ८६-८७. तुझा गिऱ्हाईक व्हिडिओ बघून १० पौंड म्हणतोय तो हा फरक धरून म्हणतोय काय? १०० ऑक्टेनवालं निवडक शहरांतच मिळतं, बोटीला दर रविवारी ते कोण आणणार. म्हणून ९५ वर ट्यून कर आणि टाकीच्या झाकणावर तसं रंगानं लिहून दे.

परत आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आलंय. इथेनॉलमुळं मिक्स्चर आधीच लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं, होतं, कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) तसंच सोडलंस तर बूस्टखाली पिस्टन वितळेल. एक्झॉस्टात मिक्स्चर मोजणारा वाइडबँड सेन्सर लावणार असशील तर एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) बघू नको, लॅम्डा बघ (१ म्हणजे नेमकं मिक्स्चर, कमी म्हणजे रिच), फुल लोडला ०.८० च्या आसपास. आणि सेन्सर पाणी शिरण्याच्या आधीच्या कोरड्या भागात बसव, ट्यूनिंग झालं की काढून बूच मार, ओल्या एक्झॉस्टात तो टिकत नाही. टाकीचं पण सांगून ठेव, पावसाळ्यात बोटी उभ्या राहतात, अर्ध्या टाकीत दमट हवा, इथेनॉल पाणी ओढतो आणि एक वेळ अशी येते की पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो. सप्टेंबरात स्टार्टर मारला की पंप तोच थर पहिला ओढतो.

स्पार्क टायमिंग पौंडाला एक डिग्री मागे, टोटल ३२ डिग्री असेल तर ५ पौंडाला २६-२७ वर आण आणि तिथनं प्लग वाचत पुढं जा.

आणि स्टँडवर इथंच ट्यून करायचं म्हणतोयस, बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, हवेचा दाब साधारण १३.४ पौंड. गोव्यात १४.७. तीच पुली, तोच ब्लोअर, इथं गेजवर ५.४ दिसलं तर खाली ५.९ दिसेल. गेजवर अर्धा पौंड, पण सिलिंडरात जाणारा एकूण दाब पावणेदोन पौंडांनी वाढलेला असतो, वर कार्बोरेटर ४-५ टक्के लीन होतो. म्हणजे इथं गोड चाललेलं इंजिन तिथं खडखडणार. इथं नुसतं रिच ठेवून रन-इन कर, फायनल जेटिंग पाण्यातच.

मच्छे_बीडकाम

लेथवाले, ६-७१ बद्दल एक. ६ म्हणजे सहा सिलिंडर, ७१ म्हणजे प्रत्येकी ७१ क्युबिक इंच, ज्या टू-स्ट्रोक डेट्रॉईट डिझेलवर हा बसायचा तिचं माप. डिझेलवरनं उतरवलेला असाच्या असा पेट्रोलवर चढवू नका. रोटर तापून लांब होतात आणि एंड प्लेटला घासतात. तो खोलूनच बघा, बेअरिंग, सील, टायमिंग गिअरचा बॅकलॅश (दातांतली ढिलाई), रोटरची टोकं. एक रोटर दुसऱ्याला टेकायला नको, टेकल्याची खूण म्हणजे ॲल्युमिनियमवर चकचकीत पट्टा, बोटानं पण कळतो. ३५० क्युबिक इंचाला ६-७१ मोठाच पडतो, त्यामुळं क्रँकपेक्षा हळू फिरवला तरी ५ पौंड येतंय.

गंमत म्हणजे रूट्स बंधूंनी हे यंत्र १८६० च्या सुमारास केलं ते इंजिनासाठी नव्हतंच, ते फाउंड्रीच्या भट्टीला वारं घालायला वापरलं जायचं. म्हणजे आमच्या धंद्यातनं तुमच्याकडं गेलेला माल हाय हा. मॅनिफोल्ड हितं ओतून घेऊ म्हणाल तर आपल्याकडं बहुतेक बीड आणि एसजी आयर्न (चिवट बीड), ॲल्युमिनियमवाला वेगळा शोधा आणि एलएम-२५ या ॲल्युमिनियम मिश्रधातूत ओतून हीट ट्रीट करून घ्या. पण एकाच नगासाठी पॅटर्न करायचा खर्च बघता तयार मॅनिफोल्ड मागवणं स्वस्त पडंल, हे मी धंदा सोडून सांगायलोय.

चंदगड_एक्सप्रेस

ट्रायल राकसकोप धरणात घ्या की राव, जवळ पडंल, आम्ही बी येतो बघायला 😄

कारवारचा_मिस्त्री

राकसकोपचं पाणी बेळगाव पितं मर्दा, तिथं पेट्रोल बोट? हिडकलला पण परवानगीशिवाय नाही, धरण पाटबंधारे खात्याचं आहे. बोटीची नोंदणी आहे तिथंच ट्रायल घ्या.

उद्यमबाग_लेथवाला

सगळ्यांचे लई आभार. ड्राइव्ह विचारला, अल्फाच हाय 😐 म्हणजे ५ पौंड मारलं तरी ३०० च्या वर जाणारच की. आणि तेला हवाय काय तर स्पीड, आता ४५ मैल पळतीय म्हणायलाय, ६० पाहिजे.

निपाणी_ट्यूनर

६० विसरायला सांग. असल्या बोटीचा स्पीड साधारण ताकदीच्या वर्गमुळानं वाढतो. ब्लोअर स्वतः ताकद खातो ते वजा करून २६० चं ३१५ धर, म्हणजे वीसेक टक्के वाढ, स्पीड वाढणार दहा टक्के, ४५ चं ४९. ६० साठी ४६० एचपी लागेल, ते पण बोटीचा तळ तेवढ्याला साथ देत असेल तर. पिस्टन, ब्लोअर, कार्बोरेटर, प्रॉप, वर नवीन ड्राइव्ह, एवढ्या पैशात चार मैल. मी असतो तर इंजिन नीट स्टॉक बांधून दिलं असतं आणि चांगला स्टेनलेस प्रॉप घ्यायला लावला असता.

उद्यमबाग_लेथवाला

सांगून बघतो, पण तेला स्पीडपेक्षा ब्लोअरचा आवाज आणि इंजिनच्या डब्यातनं वर आलेलं ते धूड दाखवायचं हाय असं मला वाटायलंय. तसं असंल तर ३-४ पौंडावर, ८ कॉम्प्रेशनला, पुली लहान-मोठी करून ३०० च्या आत ठेवतो.

कारवारचा_मिस्त्री

तसं चालेल, ते खोटं नाही, बऱ्याच बोटी अशाच आहेत. प्रॉपेलरचा पिच (एका फेऱ्यात किती इंच पुढं जायचं ते माप) मात्र बघ, इंजिन ४४०० ते ४८०० च्या मध्येच फुल थ्रॉटलला थांबलं पाहिजे. त्याच्या वर गेलं तर एक इंच पिच वाढव, दीडशे-दोनशे आरपीएम उतरतात.

आणि एक राहिलं, हे पौंडाच्या आधी सांगायला हवं होतं खरं तर. गाडीचा स्टार्टर, गाडीचा अल्टरनेटर, गाडीचा डिस्ट्रिब्युटर, गाडीचा कार्बोरेटर यातलं काहीही स्वस्तात मिळालं म्हणून लावू नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळात साचते, तिला बाहेर जायला गाडीसारखी खालची जागा नाही. मरीन पार्टमधनं ठिणगी बाहेर पडत नाही, आणि मरीन कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला तरी पेट्रोल बाहेर न सांडता घशातच जातं. ब्लोअरच्या वर ज्वाळा अडवणारा फ्लेम अरेस्टर पाहिजेच, ते चकचकीत उघडं स्कूप दिसायला भारी असतं पण बॅकफायर झाला की ज्वाळा तिथनंच बाहेर. तळातला एक्झॉस्ट फॅन स्टार्टरच्या आधी चार मिनिटं चालवायला सांग. त्याच्या इंजिनावर सध्या कुठला स्टार्टर आहे, फोटो टाक.

उद्यमबाग_लेथवाला

फोटो संध्याकाळी टाकतो, लाइट गेलीय. पण स्टार्टरवर मरीनची काय प्लेट दिसंना झालीय, कुणीतरी गाडीचाच बसवलाय असं वाटतंय.

कारवारचा_मिस्त्री

मग पहिलं काम तेच. पिस्टनची ऑर्डर उद्या दिलीस तरी चालेल.