पाणी गढूळ आणि गार म्हणून डायव्हिंगचा बेत मोडला. यात नखरे कसले?

शहापूरकर_अण्णा
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला आमच्या ग्रुपचा नेत्राणी बेटाजवळच्या स्कूबा डायव्हिंगचा (पाठीवर हवेची बाटली बांधून खोल पाण्यात उतरायचं) बेत मी आदल्या रात्री रद्द केला. बोटवाल्याला फोन केला तर म्हणाला, "व्हिजिबिलिटी चार-पाच मीटर हाय, खाली पाणी जरा गार हाय, पण चालतंय की." म्हणजे खाली चार-पाच मीटरपलीकडचं दिसणार नव्हतं. मी नको म्हटलं. त्यावर दोघांनी मला ऐकवलं, की एवढे नखरे असतील तर बेळगावातच किल्ला तलावाकाठी बसावं. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

नेत्राणी मुर्डेश्वरपासून साधारण १९ किलोमीटर आत. एवढ्या लांब जायचं ते तिथलं पाणी निवळ असतं म्हणून. चांगल्या दिवशी पंधरा मीटरच्या पुढचंही दिसतं. चार मीटरच दिसत असेल तर जोडीदारानं पायातले फिन (रबरी वल्ही) दोनदा मारले की तो गायब. मग नियमाप्रमाणं एक मिनिट शोधायचं, नाही सापडला तर सावकाश वर यायचं. अशा दिवशी मासे बघायचे की एकमेकांना हुडकत बसायचं?

आता गारव्याचं. अरबी समुद्र कोमट, त्याला काय घाबरायचं, असं आपल्याकडं सगळेच म्हणतात. २८ अंशाच्या खोलीत आपण पंखा लावून बसतो हे खरं. पण तेवढ्याच अंशाचं पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे २५ पट वेगानं ओढून घेतं. ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) असला तरी दुसऱ्या डायव्हच्या शेवटी बारीक माणसाचे दात वाजायला लागतात. त्यात पावसाळा संपता संपता खालचं थंड पाणी किनाऱ्याकडं वर सरकलेलं असतं. वर ऊबदार, आणि थोडं खाली गेलं की एकदम गार थर लागतो. तिथं श्वास भराभर सुरू होतो, हात आखडतात, तरंगायला घातलेल्या जॅकेटमधली हवा सोडायचं बटण अंगठ्याला पटकन सापडत नाही. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे हवा तशीही दुप्पट वेगानं संपत असते. कुडकुडणाऱ्याची त्याहून लवकर.

माझ्याबरोबर नवखे चौघं होते. त्यांची पहिली आठवण अशी व्हायला नको होती.

निपाणीचा_पाव्हणा
अण्णा, राग मानू नका, पण मी त्या दोघांच्या बाजूचा. तुम्हाला बेळगावातून अडीचशे किलोमीटर पडतं, आम्हाला त्याच्यावर अजून पाऊणशे. दुकान बंद ठेवायचं, गाडी ठरवायची, घरात दहा जणांना समजावायचं. समुद्र आपल्या सोयीनं निवळ होईल म्हणून वाट बघत बसलो तर आम्ही डायव्हिंग करायचं कधी?

दुसरं म्हणजे तयारी. युरोपात लोक पाण्यानं भरलेल्या जुन्या खाणींत शिकतात. पाणी आठ-दहा अंश, दिसतं दोन-तीन मीटर. ते होकायंत्र बघायला शिकतात, जोडीदाराला हाताच्या अंतरावर ठेवायला शिकतात. निवळ, कोमट पाण्यातच वाढलेला माणूस जरा गढूळ दिसलं की घाबरतो, आणि घाबरणं हेच पाण्यात सगळ्यात वाईट. मालवणात चार-पाच मीटर ही रोजची गोष्ट आहे. मग तिथल्यांनी धंदा बंद करून बसायचं का?

गारव्याला तर सरळ उपाय आहे. ५ मिलिमीटरचा सूट घ्या, डोक्याला हूड घाला. सूट बदलायचा, बेत कशाला मोडायचा?

मालवणची_लेक_बेळगावची_सून
दोघांचंही वाचलं. पाव्हणे, मालवणात चार-पाच मीटर रोजचं हे अर्धंच खरं. आपल्याकडची माणसं तारीख सुट्टी बघून ठरवतात, तिथी बघून नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर होतं, तळाची माती उचलली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, ओढ कमी, पाणी बसलेलं. माझे बाबा होडीचे. ते पाण्याकडं बघायच्या आधी कॅलेंडरकडं बघायचे. आणि वेळ सकाळचीच. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाटा आणि गढूळपणा दोन्ही वाढतात.

अण्णांनी न लिहिलेली एक गोष्ट सांगते, कारण मला तिचा खरंच त्रास होतो. गढूळ पाण्यात नवखा माणूस तळ कुठं आहे ते ओळखत नाही. तो सरळ प्रवाळावर उभा राहतो. फिनच्या एका फटक्यात जे तुटतं ते वाढायला वर्षं लागतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तरी तिथं हे होतं. नवख्यांना गढूळ दिवशी उतरवूच नये, या मताची मी आहे.

चिकोडी_तालीम
अवो ताई, पण मालवणातलं ते पंधरा मिनिटांचं. माणूस तुमची बाटली धरून सहा-सात मीटर खाली नेतो, फोटो काढतो, वर आणतो. त्याला काय व्हिजिबिलिटी आणि काय तापमान! घरच्या सगळ्यांनी केलंय, कुणाला शिंक आली नाही. सकाळी पाण्यात, दुपारी मासे-भात, संध्याकाळी आंबोली चढून रात्री घरी. उगाच लोकांना भ्या घालू नका.

टिळकवाडी_डॉक्टर
चिकोडी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो.

पाणी किती गार यावर आपण इतकं भांडतोय, पण पाण्यातून निघाल्यावर आपण कुठं जातो याकडं कुणाचं लक्ष नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर आहे. डायव्ह करताना अंगात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, तो वर आल्यावर तासन् तास हळूहळू बाहेर पडत राहतो. तेवढ्यात उंचावर गेलो, हवेचा दाब कमी झाला, की अंगात त्याचे बुडबुडे धरायची शक्यता वाढते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेची विमानप्रवासाबद्दलची शिफारस आहे: एका डायव्हनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त डायव्ह केल्या तर किमान १८ तास थांबा. ती साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरून आहे. आपलं घरच त्या रेषेच्या वर आहे. आंबोलीनं या, चोर्ल्यानं या, नाहीतर अंकोल्याहून यल्लापूरमार्गे या, घाट चुकत नाही.

गारव्याचा संबंध इथं येतो. सुरुवातीला अंग ऊबदार असतं, रक्त सगळीकडं खेळतं, नायट्रोजन भरपूर आत जातो. शेवटी माणूस गारठतो, हातापायांकडचं रक्त आटतं, आणि तोच नायट्रोजन बाहेर पडायला उशीर लागतो. म्हणजे कुडकुडत वर आलेला माणूस लगेच घाट चढला तर दोन्हीकडून धोका. अण्णांनी बेत मोडला ते बरोबरच केलं, असं माझं मत.

चिकोडी_तालीम
म्हणजे आमच्या घरच्यांनी धोका पत्करला म्हणता?

टिळकवाडी_डॉक्टर
सहा-सात मीटर, पंधरा मिनिटं, एकदाच. त्यात धोका फारच कमी. पण नेत्राणीला माणूस दोन डायव्ह करतो, खोलही जातो. घरच्यांना काही झालं नाही म्हणून तेच गणित तिकडं लावू नका. शंका असेल तर रात्र किनाऱ्यावर काढा. आणि परतल्यावर सांधे दुखले, हाताला मुंग्या आल्या, तर थकवा समजून झोपू नका. दवाखान्यात जा आणि डायव्हिंग केलंय हे आधी सांगा.

खानापूर_रानवाट
आईच्या नजरेतून लिहिते. माझी मुलगी बारा वर्षांची, मलप्रभेत पोहायला शिकलेली, आता समुद्रात उतरायचा हट्ट. वय चालतं, दहाच्या पुढं घेतात. पण बारीक अंगाची मुलं मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात, आणि त्यांच्या मापाचा सूट बऱ्याच ठिकाणी नसतोच. मोठ्या माणसाचा ढगळ सूट घातला की आत सारखं नवं पाणी शिरतं, मग तो घातला काय नि न घातला काय. पाव्हणे, ५ मिलिमीटरचा घ्या म्हणणं सोपं आहे, तो मिळतो कुठं?

आणि एक बोलायलाच हवं. लोक खराब दिवशी उतरतात ते शौर्यानं नाही, आगाऊ दिलेले पैसे बुडतात म्हणून. आम्हालाही एकानं तसंच सांगितलं होतं: आलात तर डायव्ह, नाहीतर पैसे परत नाहीत. आम्ही पैसे सोडले. प्रत्येकाला ते जमत नाही. हवामान बिघडलं तर तारीख बदलून देणार का, हे पैसे भरायच्या आधी लिहून घ्यायला पाहिजे.

निपाणीचा_पाव्हणा
ताई, सुटाचं बोलणं बरोबर. माझा स्वतःचा आहे म्हणून मला ते सुचलं नाही. डॉक्टरांचं घाटाचंही मान्य, पुढच्या वेळी मुर्डेश्वरात मुक्काम करणार. पण व्हिजिबिलिटीवर मी हटत नाही. कोर्स केलेल्या, हात बसलेल्या दोघांनी पाच मीटरमध्ये उतरायला काहीच हरकत नाही. अण्णांनी नवख्या चौघांना थांबवलं ते ठीक. ग्रुपमध्ये जे शिकलेले होते त्यांना का थांबवलं?

शहापूरकर_अण्णा
कारण बोट एकच होती आणि खाली घेऊन जाणारा डायव्हमास्तरही एकच. तो शिकलेल्यांबरोबर खाली गेला असता तर लाटांवर हलणाऱ्या बोटीत नवखे चौघं कुणाच्या भरवशावर बसले असते? दुसरा माणूस मिळत असता तर मी शिकलेल्यांना जाऊ दिलं असतं, एवढं तुमचं मानतो. पण पाच मीटर दिसत असताना खाली गार थरही असेल, तर मी स्वतः उतरणार नाही. दोन्ही एकदम नकोत.

सूनबाई, नोव्हेंबरातल्या अष्टमीच्या जवळचा शनिवार-रविवार बघून सांगाल का? शनिवारी सकाळी डायव्ह, रात्री तिथंच मुक्काम, रविवारी जेवून निघायचं. पाव्हणे, तुमची गाडी येणार असेल तर दोन जागा ठेवा. खानापूरच्या ताईंच्या मुलीच्या मापाचा सूट मिळतो का ते मी आधी विचारतो. नाही मिळाला तर तिनं त्या दिवशी वरून स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं) करावं.

मालवणची_लेक_बेळगावची_सून
बघून उद्या टाकते. पण आदल्या रात्री वारा बघितल्याशिवाय कुणी पैसे भरू नका.