पेपर पाहिला की पोरांना वाटते 'संपलंच सगळं', शाळेत बोलून हे कसं सोडवायचं?

मानेवाडा_टीचर:
नमस्कार, मी नववी-दहावीला गणित शिकवते. एक पोरगी आहे, चांगली हुशार, पण पेपर हातात आला की हात गार पडतात आणि येत असलेली गणितंही सोडून देते, म्हणते मॅम मी नापास झाली तर संपलंच सगळं. मी म्हणते बेटा पॉझिटिव्ह राहा, तर अजूनच रडते. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एक तास दिला आहे अशा मुलांशी बोलायला, काउन्सेलर नाही आमच्याकडे. आरईबीटीबद्दल ऐकलं, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलायची ती समुपदेशनाची पद्धत, शाळेत जमते का ते?

बर्डीवाला_समुपदेशक:
जमते मॅडम. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धत सुरू केली, महाराष्ट्रात ती रुजवली कि. मो. फडके सरांनी. गाभा एवढाच की पेपरमुळे हात गार पडत नाहीत, मधे एक विचार बसलेला असतो, "मला मार्क पडलेच पाहिजेत नाहीतर मी बेकार". तो हट्ट सोडवायचा, चांगल्या मार्कांची इच्छा राहू द्यायची, थोडी काळजीही राहीलच आणि ती अभ्यासाला बसवते. पॉझिटिव्ह राहा म्हटलं तर तिला पटतच नाही ना, म्हणून रडते. त्यापेक्षा विचारा, संपलं म्हणजे नेमकं काय होईल? कशावरून? एका विषयात गेलेली पोरगी अख्खी बेकार कशी काय? आणि उत्तर तिलाच शोधू द्या, वकिलासारखी उलटतपासणी नको, वाद त्या विचाराशी आहे, पोरीशी नाही.

नंदनवनची_आई:
एक सांगू का, आधी घरचं विचारा. ती म्हणत असेल बाबा मारतील आणि ते खरंच मारत असतील तर तो चुकीचा विचार नाहीच, तिथे पोरीला समजवून काय होणार, बाबांशी बोलावं लागेल, अन् मारहाण जास्त असेल तर १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन. हे लोकं विसरतात म्हणून लिहून राहिली.

हिंगणा_सर:
नुसतं बोलून भागत नाही, करायलाही लावा. एलिस स्वतः १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरायचे, मग बागेत जाऊन मुद्दाम अनोळखी बायकांशी बोलत सुटले, नकार मिळाले पण आभाळ कोसळलं नाही. तिला अर्धवट येणारं गणित फळ्यावर सोडवायला द्या, चुकू द्या, वर्गाला आधी सांगून ठेवा की कोणी हसायचं नाही. आणि झोप-जेवण सुटलं किंवा मरायच्या गोष्टी करत असेल तर शाळेतल्या तासावर थांबू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे.

मानेवाडा_टीचर:
खूप आभार सगळ्यांचे. घरचं मी विचारलंच नव्हतं, ते आधी करते. दहावीत विषय गेला तरी पुरवणी परीक्षा असते, दोन विषयांपर्यंत एटीकेटीवर अकरावीलाही जाता येते, हे वर्गात सगळ्यांनाच सांगून टाकू का?

बर्डीवाला_समुपदेशक:
वर्गात सांगा, पण तिला नका सांगू, विचारा. "एका विषयात गेलेली मुलं जुलैत काय करतात माहीत आहे का?" शाळेत अशी एखादी ताई-दादा असेल तर त्यांनाच विचारून यायला लावा.