मदत हवी आहे: पहिल्या मजल्यावर जिम, खाली दातांचा दवाखाना, फ्लोअरिंग कोणतं घालू?

नमस्कार मंडळी. सांगलीत मित्राबरोबर भागीदारीत छोटी जिम टाकतोय. तळमजल्याचा गाळा कमी भाड्यात मिळत होता पण 2019 आणि 2021 चा पूर बघितलाय, मशिनरी पाण्यात घालायची हौस नाही, म्हणून पहिल्या मजल्यावरचा 1100 स्क्वेअर फुटांचा हॉल घेतला. आता घोळ असा की बरोबर खाली दातांचा दवाखाना आहे. डॉक्टर माणूस चांगला, पण परवा जिन्यात भेटले तेव्हा हसत हसतच म्हणाले, "मी रूट कॅनल करत असताना वरनं काय पडायला नको बघा." तेव्हापासून झोप उडालीय.

दुकानदार म्हणतो सगळीकडे 20 एमएमच्या काळ्या रबर टाइल्स घाला, आवाजाचं टेन्शनच संपलं. भागीदार म्हणतो त्या एकमेकांत अडकवायच्या रंगीत फोमच्या मॅट घेऊ, निम्म्यात काम होतंय, उरलेल्या पैशात केबल मशीन येतंय. आत्ता खाली व्हिट्रिफाइड फरशी आहे, दोन-तीन पोकळ वाजतात, आणि पावसाळ्यात एका खिडकीखाली ओल येते. दोन ट्रेडमिल, एक स्क्वॅट रॅक, डंबेल 30 किलोपर्यंत, आणि डेडलिफ्ट करणारी, म्हणजे जमिनीवरनं जड बार उचलून परत खाली ठेवणारी पोरं येणारच, त्यांना नाही कसं म्हणणार. बजेट ताणून ताणून सव्वा लाख. कुणी केलंय का असं?

लोखंडी_भाऊ: भागीदाराला सांग फोमचा नाद सोड. ते ईव्हीए म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा फोम असतो, रॅकच्या पायाखाली दबून खड्डा पडतो आणि परत वर येत नाही, शिवाय 100 किलो खांद्यावर घेऊन गादीवर उभं राहिल्यासारखं होतं, टाच डुगडुगते. स्ट्रेचिंगच्या कोपऱ्यात घाल चार मॅट, बास. ट्रेडमिल आणि मशीनखाली 8 एमएमचा रबर रोल पुरतो.

साइटवरची_ताई: मी सिव्हिलवाली आहे म्हणून जरा वेगळं सांगते. 20 एमएम रबर म्हणजे चौरस मीटरला साधारण 20 किलो, तुमचा हॉल झाला शंभरेक चौरस मीटर, म्हणजे नुसतं फ्लोअरिंगच 2 टन! पसरलेलं वजन आहे त्यामुळे घाबरू नका, पण राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला 200 किलो धरून डिझाइन करतात, तो हॉल मुळात कशासाठी बांधलाय ते मालकाकडून ड्रॉइंग घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. हे आधी, रबर नंतर. रॅक आणि डंबेलचा स्टँड हॉलच्या मधोमध नको, बीमजवळ, कॉलमच्या बाजूला.

दुसरं, दुकानदार अर्धवट सांगतोय. रबर फरशी वाचवतं, वर होणारा खणखणाट कमी करतं, पण धक्का स्लॅबमधून खाली जातोच, आणि डॉक्टरांना त्रास त्या धक्क्याचा होणार. त्याला जाडी जिथे वजन पडतं त्या एकाच जागी लागते, सगळीकडे नाही. पोकळ फरश्या काढून भरून घ्या, नाहीतर रबराखाली फुटतील आणि तुम्हाला कळणारही नाही. ओल बंद झाल्याशिवाय चिकटवू नका, खाली पाणी कोंडलं की जो वास सुटतो तो जात नाही.

लोखंडी_भाऊ: ताईंना अनुमोदन. भावा, डेडलिफ्टसाठी 8 बाय 8 फुटांचा प्लॅटफॉर्म सुताराकडून करून घे. 18 एमएम प्लायच्या 8 बाय 4 च्या दोन शीट खाली, त्यावर दोन आडव्या म्हणजे जोड एकावर एक येत नाहीत, वर मधे एक शीट उभं राहायला आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट रबर, प्लेट तिथेच पडते. या सगळ्याच्या खाली अजून एक रबराचा थर. घेताना टाइलचा तुकडा अंगठ्याने घासून बघ, चुरा सुटला तर परत दे. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एक दिवस उन्हात ठेव, पिशवी उघडल्यावर डोकं धरलं तर बंद हॉलमध्ये तुझं काय होईल विचार कर, जुन्या टायरचा माल असतो तो.

तालमीतला: आमच्या आखाड्यात ताक, तेल, हळद घातलेली लाल माती. काय पण टाका, आवाज नाही 😄 पहिल्या मजल्यावर जमायचं नाही म्हणा.

धागाकर्ता: उशिरा लिहितोय, माफी असावी. इंजिनिअर येऊन बघून गेले, रॅकची जागा बदलली, बाकी ठीक म्हणाले. रविवारी दवाखाना बंद असताना डॉक्टरांनाच खाली उभं केलं आणि वरनं 20 किलोची प्लेट कमरेएवढ्या उंचीवरनं सोडली. नुसत्या 20 एमएम टाइलवर खालची काचेची कपाटं वाजली. मग मित्राच्या दुकानातल्या प्लायच्या शीट आणून खाली-वर रबर घालून टाकली, तर म्हणाले, "कळलं, पण हात हलला नसता." तरी सकाळी 10 ते 1 डेडलिफ्ट बंद ठेवायचं कबूल केलंय. भागीदार अजून केबल मशीनवरनं फुगून बसलाय.

आता एकच अडचण. 8 एमएमचा रोल 4 फूट रुंद आणि 10 मीटर लांब, वजन शंभर किलोच्या आसपास, आणि आमचा जिना वळणाचा. कसा चढवू?

साइटवरची_ताई: दुकानातच हॉलच्या मापाने कापून घ्या, भिंतीपाशी थोडी फट सोडून. आणि वर आणल्यावर एक दिवस उलगडून ठेवा, लगेच टेप मारू नका, कडा उचलतात.