डेस्कटॉपवर बातम्या वाचायला फुकट फीड रीडर: तुमचा अनुभव काय?

माळा_रिकामा
दसऱ्याच्या आधी घरात रंगकाम काढलंय. माळ्यावरच्या जुन्या सीपीयूतली हार्ड डिस्क केबल लावून बघितली तर एका फोल्डरात ओपीएमएल फाइल सापडली. गूगल रीडर (वेगवेगळ्या साइटचे नवे लेख एका जागी आणून दाखवायचा) १ जुलै २०१३ ला बंद झाला, त्याआधी उतरवून ठेवलेली माझी फीडची, म्हणजे त्या साइटच्या पत्त्यांची यादी. विसरूनच गेलो होतो. नोटपॅडात उघडली. मराठी ब्लॉग, क्रिकेट, एक खगोलवाला, एक गडकिल्लेवाला. रंगारी चहासाठी थांबलेला आणि मी एकेक पत्ता ब्राउझरात टाकून बघत बसलो. बरेच पत्ते मेलेत. गडकिल्लेवाला मात्र अजून लिहितोय! शेवटचा लेख हरिहर गडाच्या पायऱ्यांवर.

आता परत रीडर हवासा वाटतोय. मोबाइलवर नको, तिथे एक बातमी वाचायला जावं तर अर्धा तास व्हिडिओत जातो. विंडोज १०, ४ जीबी रॅम, फुकट, शक्यतो लॉगिन न मागणारा. नुसती नावं नकोत, वापरताना कसा वाटला ते लिहा.

निफाडची_बाग
थंडरबर्ड. मेल तसाही त्यातच येतो. फीडचं वेगळं खातं उघडायचं, पत्ता चिकटवायचा, बास. बातमी मेलसारखीच येते, न वाचलेली ठळक दिसते. हवामान एका फोल्डरात, द्राक्षाचं दुसऱ्यात. पहाटे बागेत जायच्या आधी शीर्षकं चाळतो. वडिलांना मात्र छापलेलाच पेपर लागतो, तो आमच्याकडे येतो नऊला.

सेकंड_शिफ्ट
क्वाइटआरएसएस वापरायचो. डावीकडे यादी, बाजूला शीर्षकं, खाली बातमी. पेनड्राइव्हवरून चालतो, इन्स्टॉल करायची गरज नाही. सातपूरला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत वाचायचो, मग यूएसबी बंद केली सायबांनी. हलका आहे पण २०२० नंतर नवी आवृत्ती आलेली नाही. आता नव्याने सुरू करणाऱ्याला नाही सांगणार.

गोदाकाठची
पावसाळा संपायच्या आत रंगकाम? धाडस आहे तुमचं.

माळा_रिकामा
@गोदाकाठची आतल्या खोल्या फक्त. बाहेरचं दिवाळीनंतर. म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर.

गोदाकाठची
😂 गंगापूर धरणातून पाणी सोडलंय का आज? नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलंय?

पंचवटी_एक्स्प्रेस
@गोदाकाठची सकाळी गुडघ्यापर्यंत होतं, आता उतरतंय. गाड्या काढा म्हणून भोंगा फिरत होता.
विषयावर: आरएसएस गार्ड घ्या. फुकट, ओपन सोर्स, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर. डाउनलोडच्या पानावर दोन जाती दिसतात, एकीत ब्राउझरचं इंजिन आतच असतं आणि दुसरी त्याशिवायची. ४ जीबीवर दुसरी घ्या. तिच्यात लेख साधा दिसतो, चित्रं-बित्रं नीट मांडली जात नाहीत, पण भर्रकन उघडतो. जुनी ओपीएमएल तशीच आत घेता येते, मेलेल्या फीडवर खुणा दिसतात, त्या उडवायच्या.

उबंटूप्रेमी_नाशिकरोड
विंडोज १० चे दिवस भरलेत तसेही. लिनक्स टाका आणि लाइफेरिया घ्या. काही साइट फीडमध्ये दोनच ओळी देतात ना, त्यांच्यासाठी फीडच्या सेटिंगमध्ये पूर्ण लेख ओढून आणायची सोय आहे. ती खूण केली की साइटवर जावंच लागत नाही. सगळ्याच साइटवर चालते असं नाही.

सेकंड_शिफ्ट
आला लिनक्सवाला. मी वाटच बघत होतो.

उबंटूप्रेमी_नाशिकरोड
@सेकंड_शिफ्ट तुमची यूएसबी बंद, माझं तोंड उघडं.

काउंटर_नंबर_चार
बँकेत आहे. रिझर्व्ह बँकेच्या अधिसूचना आणि प्रेस रिलीज यांच्या फीड आहेत हे आमच्या शाखेत कुणालाच माहीत नव्हतं. थंडरबर्डात लावल्या, आता परिपत्रक आलं की मॅनेजर मलाच विचारतात. फायदा की तोटा कळेना.

सायखेडकर
एक गोष्ट कुणी बोललं नाही. डेस्कटॉपचा रीडर कॉम्प्युटर चालू असेल तेव्हाच बातम्या आणतो. फीडमध्ये ताज्या थोड्याच नोंदी असतात. वर्डप्रेसच्या साइटवर सेटिंग बदललं नसेल तर १०, यूट्यूब चॅनलच्या फीडमध्ये १५. महिन्यातून दोनदा लिहिणाऱ्या ब्लॉगचं काही बिघडत नाही. पण पेपरची फीड लावली आणि चार दिवस गावाला गेलात तर मधलं सगळं गेलं, परत मिळत नाही. आमच्याकडे लाइट जाते त्यामुळे हे चांगलं पाठ झालंय. रोजच्या पेपरसाठी ऑनलाइन सेवा बरी, ती आपण झोपलो तरी गोळा करत असते. फीडलीत फुकटात १०० स्रोत बसतात. लॉगिन लागतं पण.

माळा_रिकामा
@सायखेडकर हे भारी सांगितलंत. माझी यादी सगळी सावकाश लिहिणाऱ्यांचीच आहे, त्यामुळे डेस्कटॉप चालेल.

पंचवटी_एक्स्प्रेस
@सायखेडकर खरंय. आणि पेपरची पूर्ण फीड लावूच नये कुणी. मी लावली होती. रात्री बघतो तर तीनशे न वाचलेल्या, त्यात अर्ध्या राशिभविष्य आणि अमक्याचा साडीतला लूक. जिल्ह्याच्या पानाची वेगळी फीड मिळाली तर तेवढीच घ्या. नाहीतर आरएसएस गार्डमध्ये फिल्टर लिहिता येतात, त्याला थोडं कोडिंग यावं लागतं.

कॉलेजरोड_कट्टा
फीड म्हणजे इन्स्टाचं का?

काउंटर_नंबर_चार
@कॉलेजरोड_कट्टा नाही रे बाळा. साइट स्वतःच्या नव्या लेखांची यादी एका फाइलमध्ये ठेवते, ती आरएसएस. १९९९ पासून आहे. तू पॉडकास्ट ऐकतोस ना, ते बहुतेक याच्यावरच चालतात. यात कुणी मधे बसून तुला काय दाखवायचं ते ठरवत नाही.

कॉलेजरोड_कट्टा
ओके काका. मॅकवर कोणतं?

वहिदा_इन_देवळाली
@कॉलेजरोड_कट्टा नेटन्यूजवायर. २००२ पासूनचं, मधे विकत मिळायचं, आता फुकट आणि ओपन सोर्स. जाहिरात नाही, खातं नाही. मी शाळेच्या कामासाठी शिष्यवृत्तीच्या साइट लावल्यात. आणि काका कुणाला म्हणतोस, ते चाळिशीचे पण नसतील.

काउंटर_नंबर_चार
@वहिदा_इन_देवळाली आभारी आहे. आकडा विचारू नका फक्त.

निवृत्त_आणि_निवांत
फीडवरून आठवलं. त्या काळी प्रत्येक मराठी पेपरचा फॉन्ट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फीडमध्ये तर खिचडीच यायची. युनिकोड आल्यावर सुटलो एकदाचे. आमचे मित्र मात्र लग्नपत्रिका अजून जुन्याच फॉन्टमध्ये करून पाठवतात आणि वर विचारतात, वाचली का?

माळा_रिकामा
आरएसएस गार्डची हलकी जात टाकली. ओपीएमएल आत गेली, मेलेल्या फीड उडवल्या. देवनागरी फार बारीक दिसत होती, वेलांट्या वरच्या ओळीला चिकटत होत्या. सेटिंगमध्ये फॉन्ट निर्मला केला, आकार वाढवला, आता छान. एका ब्लॉगची फीड पत्ता बदलल्यामुळे येत नाहीये, काय करू?

पंचवटी_एक्स्प्रेस
ब्लॉगस्पॉटवरून वर्डप्रेसवर गेला असेल. नव्या पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन फीड लिहा इंग्रजीत, बहुतेक लागतं.

माळा_रिकामा
लागलं!! धन्यवाद.

निफाडची_बाग
जुन्या बातम्या किती दिवस ठेवता सगळे? माझं थंडरबर्डचं फोल्डर फुगलंय.

सायखेडकर
फोल्डरच्या गुणधर्मात जाऊन महिन्यावरच्या उडवायला सांगा. स्टारची खूण केलेल्या बातम्या राहतात, तसा पर्याय असतो तिथे, त्यावरची टिक काढू नका. आणि नंतर फोल्डर आवळून (कॉम्पॅक्ट करून) घ्या, नाहीतर उडवलेल्यांची जागा मोकळी होत नाही.

निफाडची_बाग
बघतो रात्री. आता ट्रॅक्टरवाला आलाय.