संगणकाचं बंद तोंडाचं जुनं कॅबिनेट: पत्रा कापावा की पेटीच बदलावी?

खिळेमोळे
दहा-बारा वर्षांपूर्वीची कितीतरी कॅबिनेटं अजून धडधाकट आहेत. पत्रा जाड, सांधे घट्ट. खोट एकच: समोरचं तोंड अख्ख्या प्लास्टिकचं आणि हवेला वाट फक्त कडेच्या बोटभर फटीतून. आत मात्र आता २००-२५० वॅटचं ग्राफिक्स कार्ड बसतं. प्रोसेसर धरून जोराच्या कामात ४०० वॅट उष्णता पेटीत सुटते असं समजा. मिनिटाला ५० घनफूट हवा खेळली तर बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा सुमारे १४ अंशांनी गरम असते, १०० घनफूट खेळली तर ७ अंशांनी.

माझं म्हणणं असं की चांगली पेटी भंगारात घालू नका, फॅनसमोरचा भोकाभोकांचा पत्रा कापून काढा. १२० मिमी फॅनच्या स्क्रूंचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १०५ मिमी असतं, १४० मिमीच्या फॅनचं १२४.५. मदरबोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), वायरी सगळं बाहेर काढा. पत्र्याला मास्किंग टेप लावा, त्यावर चौकोन आखा, कर्ण जोडून मध्य काढा आणि पंच मारा, नाहीतर ड्रिल घसरतं. १२० साठी ११४ मिमीचा, म्हणजे साडेचार इंची होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लागतो. मागे प्लायचा तुकडा शिकंज्याने आवळा, दोन थेंब तेल सोडा आणि ड्रिल सगळ्यात कमी वेगावर चालवा. वेग वाढला की दाते जळतात आणि पत्रा पिरगळतो. मग कानस आणि कडेला रबरी पट्टी.

शिशिर
नाही पटलं. तुम्ही कापताय ते चुकीच्या जागी. हवा आधी प्लास्टिकच्या तोंडाशी अडते, पत्र्याशी नंतर. बोटभर फट तशीच ठेवून मागचा पत्रा मोकळा केला तर हाती काय लागणार? शिवाय या पेट्यांत फॅनच्या मागे हार्ड डिस्कचा पिंजरा असतो. तो रिव्हेट केलेला असेल तर रिव्हेट ड्रिलने उडवा, पिंजरा काढा, आणि तो काढला की समोरचा पत्रा झिणझिणायला लागतो.

कापण्याआधी एक चाचणी करा. जोराचं काम अर्धा तास चालवा आणि ग्राफिक्स कार्डाचं तापमान टिपा. मग समोरचं तोंड उपसून बाजूला ठेवा आणि खोलीचं तापमान तेच असताना पुन्हा अर्धा तास चालवा. फरक २-३ अंशांचा असेल तर कापाकापीत अर्थ नाही. ८-१० अंश असेल तर दोष तोंडाचा. जाळीच्या तोंडाची नवी पेटी त्यावर सरळ उपाय आहे, शिवाय काढता येणारा फिल्टरही मिळतो.

तांबडीमाती
दोघेही धूळ विसरलात. तोंड मोकळं केलं आणि फिल्टर नसेल तर प्रोसेसरवरच्या कूलरच्या पट्ट्यांत महिन्याभरात नमदा तयार होतो, आणि थंडाव्याचा सगळा फायदा तिथेच संपतो. आत ओढणारे फॅन जास्त, बाहेर फेकणारे कमी, आणि आत येणाऱ्या प्रत्येक वाटेवर बारीक नायलॉन जाळी. मी तरी याच बाजूने.

आता एक सावधगिरी. समोर तीन आणि मागे एक लावला म्हणजे पेटीत दाब राहिलाच, असं समजू नका. भरलेल्या जाळीमागचे दोन फॅन मागच्या एका मोकळ्या फॅनपुढे हरतात. पेटलेली उदबत्ती मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्यांजवळ धरा. धूर आत खेचला गेला तर त्या फटीतून धूळही आत जाते आहे. मागचा फॅन थोडा हळू करा किंवा जाळी धुवा, आणि धूर बाहेर ढकलला जाईपर्यंत बघा. ब्लोअरने साफ करताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर फॅन डायनॅमोसारखा उलटी वीज बोर्डात सोडू शकतो, बेअरिंगवरही ताण येतो.

विदर्भवारा
दाबाचं ठीक आहे, पण मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असते तेव्हा पेटीतली हवा त्याखाली जाणार नाही, हे आधी मान्य करू. इथे फॅनची निवड महत्त्वाची. खोक्यावरचे दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. हवेचा आकडा अडथळा शून्य असतानाचा, दाबाचा आकडा हवा पूर्ण अडवल्यावरचा. आर्क्टिक कंपनीच्या पी१२ फॅनच्या पीडब्ल्यूएम प्रकाराला (चार पिनचा, बोर्डाच्या इशाऱ्यावर वेग बदलणारा) मिनिटाला १८०० फेऱ्यांवर ५६.३ घनफूट हवा आणि २.२ मिमी पाण्याच्या उंचीएवढा दाब लिहिलेला आहे. त्याला १२०० वर आणलं तर हवा दोन तृतीयांश उरते, पण दाब वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे निम्म्याच्याही खाली. बारीक जाळीमागे हळू फिरणारा फॅन आवाज करत नाही आणि हवाही ओढत नाही, याचं कारण हेच. म्हणून जाळीमागे जास्त दाबाचा फॅन, आणि जागा असेल तर १४० मिमी.

आणि बहुतेकांकडून राहतं ते फॅन कर्व्हचं काम, म्हणजे कोणत्या तापमानाला फॅनने किती वेगाने फिरायचं ते ठरवणं. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पेटीचे फॅन सहसा प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले असतात. गेममध्ये तापतं कार्ड, प्रोसेसर ६० अंशांवर निवांत, त्यामुळे समोरचे फॅन ७०० फेऱ्यांवर रेंगाळतात. बोर्डात दुसरा सेन्सर निवडायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर किमान वेग ५०-६० टक्क्यांवर बांधून टाका. पत्रा कापण्याआधी हे फुकटात करून बघा.

नवखा_प्रश्न
एका हेडरवर (बोर्डावर फॅनची वायर लावायच्या पिनांवर) तीन फॅन जोडले तर चालतात का?

विदर्भवारा
बहुतेक बोर्डांचा हेडर १ अँपिअरचा असतो. प्रत्येक फॅनच्या स्टिकरवरचे अँपिअर बेरजेला घ्या आणि ०.८ च्या आत राहा. स्प्लिटरमध्ये (एका हेडरला फाटे फोडणाऱ्या वायरीत) वेग सांगणारी तार एकाच फॅनची जोडलेली हवी, नाहीतर वेगाचे आकडे भलतेच दिसतात. जोडलेले सगळे फॅन चार पिनचेच घ्या. तीन पिनचा फॅन पीडब्ल्यूएमवर सतत पूर्ण वेगाने फिरतो.

खिळेमोळे
शिशिर, चाचणी आधी करावी हे मान्य. पण फरक दहा अंशांचा आला तरी पेटी बदलायची गरज नाही, तोंड कापता येतं. हे तोंड एबीएस प्लास्टिकचं असतं. ग्राइंडर लावलात तर ते वितळून चाकाला चिकटतं. आखलेल्या रेषेच्या आतून ४ मिमीची भोकं एकमेकांना लागून पाडा, मधला तुकडा हॅक्सॉच्या पात्याने सोडवा आणि रेषेपर्यंत कानस मारा. मागून ॲल्युमिनियमची भोकांची जाळी दोन भागांच्या इपॉक्सीने बसवा. त्याआधी प्लास्टिक पॉलिश पेपरने खरवडा, गुळगुळीत पृष्ठभागावर इपॉक्सी सुटतं. पॉवर बटणाच्या वायरीला हात लावू नका. मागच्या पंख्यापुढची पत्र्यातच ठोकून काढलेली जाळी मात्र मी कापणारच. पात्याच्या जवळचा लोखंडी अडथळा घुंघुं आवाज काढतो, आत ओढणाऱ्या बाजूला तर जास्तच.

शिशिर
तोंड कापण्याला माझा विरोध तितका नाही, पेटीच्या मर्यादांना आहे. प्रोसेसरवरचा १६० मिमी उंचीचा टॉवर कूलर बसत नसेल, किंवा कार्ड पिंजऱ्याला टेकत असेल, तर जाळी लावून जागा वाढत नाही. पाठीमागे वायरींना दीड सेंटिमीटरही जागा नसेल तर वायरींचा गुंता समोरच्या हवेत उभा राहतो. या तिन्ही मापांत पेटी बसत असेल तरच हत्यारं काढा.

आणि कापलंतच तर कापलेल्या कडेवर झिंक प्रायमर मारा. दमट हवेत उघडा पत्रा पहिल्याच पावसाळ्यात गंजतो आणि रबरी पट्टीखाली ते दिसतही नाही. लोखंडाचा कीस नुसता पुसून जात नाही. चुंबकाला पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळून प्रत्येक घडीत, स्क्रूच्या भोकात आणि मदरबोर्डच्या पितळी खुंट्यांभोवती फिरवा, पिशवी उलटी करून कीस फेका. मग ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि त्यानंतरच बोर्ड आत घाला. बोर्डाखाली अडकलेला एक कण शॉर्ट करायला पुरतो.