टागोरांची घरं बघायचीत, काय बघू काय सोडू?

सातरस्ता_कट्टा:
नमस्कार मंडळी, आपल्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा उरकली की आईला घेऊन कोलकात्याला जायचंय. कॉलेजात गीतांजली वाचल्यापासून तिला ठाकुरबाडी, म्हणजे टागोरांचा वाडा, बघायची आहे, पण नेटवर बघतोय तर कोलकात्यातच एक जोडासांकोची, एक पाथुरियाघाट्याची, वर शांतिनिकेतनात पाच घरं, नुसता गोंधळ उडालाय. आईचे गुडघे दुखतात, सगळं काय जमणार नाही. सांगा की ओ कुणीतरी.

बाळीवेसकर:
आधी जोडासांको. गिरीश पार्क मेट्रोला उतरा, सोमवार टाळा, बंद असतं. १७८४ ला टागोरांचे पूर्वज नीलमणी आणि दर्पनारायण या भावांच्या वाटण्या झाल्या, नीलमणी जोडासांकोला आले आणि दर्पनारायणांचे पाथुरियाघाट्यालाच राहिले, म्हणून ठाकुरबाड्या दोन. रवींद्रनाथ १८६१ ला जोडासांकोच्या वाड्यात जन्मले आणि १९४१ ला तिथंच गेले. म्युझियम वरच्या मजल्यावर आहे, जिना चढावा लागतो, आईंना दमादमानं न्या. शेजारीच रवींद्रनाथांच्या पुतण्यांचं, म्हणजे गगनेंद्रनाथ अवनींद्रनाथ यांचं ५ नंबरचं घर होतं. ज्या दक्षिणेच्या व्हरांड्यात बसून ते चित्रं काढायचे तो घरासकट पाडला, ह्याचं मला फार वाईट वाटतं. पाथुरियाघाटा बाहेरूनच बघा.

जुनी_गिरणी:
अहो पण टागोरांचं एक बिऱ्हाड आपल्या सोलापुरात होतं ते आईंना सांगा ना! रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ, पहिले भारतीय आयसीएस (इंग्रजांच्या काळातले सनदी अधिकारी), सगळी नोकरी मुंबई इलाख्यात केली, अहमदाबाद, कारवार, सातारा आणि सोलापूरला पण जज होते. १८८९ ला रवींद्रनाथ त्यांच्याकडं इथं राहिले आणि 'राजा ओ रानी' नाटक इथंच लिहिलं. हे आपल्या पोरांना शाळेत शिकवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आणि त्यांचे आणखी एक भाऊ ज्योतिरिंद्रनाथ, त्यांनी टिळकांचं गीतारहस्य बंगालीत नेलं, म्हणजे ह्या घराण्याचं आपल्याशी नातं जुनंच आहे.

माळवद:
शांतिनिकेतन सोडू नका, गुडघ्यांसाठी तेच बरं. हावड्याहून ट्रेननं बोलपूर, पण बुधवारी विश्वभारतीला, म्हणजे टागोरांच्या तिथल्या विद्यापीठाला, सुट्टी असते. तिथल्या उत्तरायण नावाच्या आवारात उदयन, कोणार्क, श्यामली, पुनश्च, उदीची अशी टागोरांची पाचही घरं एकत्रच आहेत, मोठं बघायचं तर उदयन, पण आईंना 'श्यामली'समोर निवांत उभं करा. १९३५ चं मातीचं घर, भिंती मातीच्या आणि छप्परसुद्धा मातीचं, आपल्याकडच्या माळवदासारखं, भिंतींवर नंदलाल बोस आणि रामकिंकर बैज या कलाकारांच्या हातची उठावचित्रं. गांधीजी १९४० ला आले तेव्हा इथंच उतरलेले.

सातरस्ता_कट्टा:
सोलापूरचं वाचून आई म्हणाली, आधी मला ते नाटक मराठीत मिळतंय का बघ. लायब्ररीत विचारतो उद्या. ट्रेन दौंडहून आझाद हिंद बरी पडेल ना?

जुनी_गिरणी:
हो, लोअर बर्थ आत्ताच बघून ठेवा.